काटा हिरव्यात आहे, पण सिस्टीम चालू आहे का? जुन्या कॅम्पर व्हॅनसाठी तयारीची यादी

फोक्सवॅगनसारख्या जुन्या कॅम्पर व्हॅनचं इंजिन मागे, चालवणारा पुढे, आणि मधे गाद्या, पडदे, शेगडी असा सगळा संसार. मागे धूर निघाला तर गाडीवाल्याला तो सगळ्यात शेवटी कळतो. म्हणून इंजिनच्या कप्प्यात आपोआप सुटणारं अग्निशामक बसवतात, आणि बसवलं की विसरून जातात. लांबच्या प्रवासाआधी एक सकाळ त्याच्यासाठी राखून ठेवा.

सकाळच, कारण गाडी रात्रभर निवलेली हवी. अग्निशामकाच्या गरम सिलिंडरमध्ये दाब चढलेला असतो, त्यामुळे थोडी गळती झालेली असली तरी गेजचा, म्हणजे दाबमापकाचा, काटा हिरव्या पट्ट्यातच दिसतो. उलट कडाक्याच्या थंडीत काटा थोडा खाली येतो, ती गळती नव्हे. कोणत्या तापमानाला किती दाब हवा ते सिलिंडरसोबतच्या पत्रकात असतं. ते पत्रक, टॉर्च, छोटा आरसा, साबणाचं पाणी, बारीक ब्रश, वजनकाटा आणि चिंध्या हाताशी घ्या. काम करताना सिलिंडर चुकून सुटू नये म्हणून लावायची सेफ्टी पिन असेल तर ती आधी शोधून लावा. झाकण उघडून सामान काढायला लागल्यावर ती हमखास सापडत नाही.

आता आपल्याकडे नेमकं काय बसवलंय ते बघा. काही ठिकाणी स्प्रिंकलरसारखी काचेची कुपी असते. तिच्या द्रवाचा रंग फुटण्याचं तापमान सांगतो: लाल ६८ अंश सेल्सियस, पिवळा ७९, हिरवा ९३. गाडी बंद केल्यावर पंखा थांबतो आणि कप्पा काही वेळ आणखी तापतो. कुपी निवडताना हिशोब त्या तापमानाचा धरायचा, चालत्या गाडीचा नाही. दुसरा प्रकार दाब भरलेल्या प्लास्टिकच्या नळीचा. आच लागते तिथे नळी फुटते. साध्या मांडणीत त्याच भोकातून आग विझवणारं औषध बाहेर पडतं. दुसऱ्या मांडणीत नळीतला दाब उतरल्यामुळे व्हॉल्व्ह उघडतो आणि औषध वेगळ्या नोझलमधून येतं.

नळीवाल्या सिस्टीममध्ये मी एकदा चांगलाच फसलोय. कप्पा रंगवायला दिला होता आणि रंगाऱ्याने सिलिंडर आणि नळी यांच्यामधला छोटा बॉल व्हॉल्व्ह बंद केला होता. त्याचं बरोबरच होतं, पण परत उघडायचं राहून गेलं. गेज सिलिंडरवर, काटा हिरव्यात, आणि नळी रिकामी. पुढचे कित्येक महिने मी निर्धास्त फिरत होतो. एक दिवस चिंधीने पुसताना व्हॉल्व्हच्या दांडीकडे लक्ष गेलं: नळीच्या रेषेत असायला हवी ती आडवी होती. तेव्हापासून गेजच्याही आधी दांडी बघतो. तुमची बंद सापडली तर लगेच फिरवू नका. काही सिस्टीममध्ये नळीत आधी दाब भरावा लागतो, नाहीतर सगळं औषध तिथल्या तिथे सुटतं. पत्रकातला क्रम पाळा. नळीच्या शेवटच्या टोकाला वेगळं गेज बसवलेलं असेल तर उत्तमच, कारण ते नळीतला खरा दाब सांगतं.

मग नळीवरून बोट फिरवत जा, आणि घाई करू नका. केबल टाय इतका आवळलाय का की नळी चपटी झालीय? पत्र्याच्या कडेवर घासून पांढुरकी पडलीय का? वळण इतकं तीव्र आहे का की घडी पडलीय? सायलेन्सरला किंवा एक्झॉस्टला टेकलीय का? तशी टेकली असेल तर आग नसतानाच एक दिवस फुटेल. मागच्या बाजूला हात जात नाही तिथे आरसा लावा. नळी जायला हवी ती कार्ब्युरेटर, पेट्रोल पंप आणि फिल्टर यांच्या वरून. दोन कार्ब्युरेटरचं इंजिन असेल तर दोन्ही बाजूंना. काटा हळूहळू उतरत असेल तर प्रत्येक जोडावर, गेजच्या आट्यांवरसुद्धा, साबणाचं पाणी लावा आणि मिनिटभर थांबा. बारीक गळतीचा बुडबुडा सावकाश येतो. नळीला लायटर लावून बघण्याचा मोह नको.

काट्याला फक्त दाब कळतो, आत औषध किती आहे ते कळत नाही. औषध बाहेर ढकलणाऱ्या नायट्रोजनचा दाब शाबूत राहून औषध कमी असू शकतं. म्हणून पत्रकात सांगितल्याप्रमाणे सिलिंडर निर्धोक करून उतरवा आणि लेबलवरच्या एकूण वजनाशी ताडून बघा. पावडरचा असेल तर हादऱ्यांनी पावडर तळाशी घट्ट बसते. उलटा केल्यावर आत काही सरकत नसेल तर सर्व्हिसला द्या. माझं मत विचाराल तर या कप्प्यात पावडर नकोच. ओल लागली की ती ॲल्युमिनियम खाते, आणि बारीकसारीक खाचांतून तिला काढता काढता जीव जातो. वायुरूप औषध मागे काही ठेवत नाही, पण वाऱ्याने लगेच उडून जातं. हवेने थंड होणाऱ्या इंजिनचा पंखा कप्प्यातलीच हवा ओढतो, म्हणजे इंजिन चालू असेल तर औषधही ओढून घेतो. म्हणून औषध सुटलं की वाजणारा बझर डॅशबोर्डवर हवाच. तो वाजला की पहिलं काम किल्ली बंद करणं. बझरची वायर, फ्यूज आणि दाबाचा स्विच तपासायला पाच मिनिटं पुरतात.

सिलिंडर उभा आहे की आडवा तेही बघा. आत तळापर्यंत नळी असलेला सिलिंडर आडवा बसवला तर औषध अर्धवटच बाहेर येतं.

एवढं करून पेट्रोलच्या पाइपांकडे दुर्लक्ष केलंत तर सगळं फुकट. फोक्सवॅगनच्या जुन्या टाइप २ व्हॅनमध्ये टाकी इंजिनला लागूनच, पत्र्याच्या पलीकडे. पाइप तुटला तर इंजिन बंद झाल्यावरही पेट्रोल ठिबकत राहू शकतं, आणि विझलेली आग परत पेटते. कापडी वेष्टणाच्या पाइपला वरून तडा दिसत नाही. वाकवून बघा, टोकाशी चिरा उघडतात. कार्ब्युरेटरमध्ये दाबून बसवलेली पितळी नळी हाताने हलते का पाहा. हलली तर गाडी हलवायची नाही. पेट्रोलचा प्लास्टिकचा फिल्टर डिस्ट्रिब्यूटरच्या, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या, वर लटकत असेल तर जागा बदला. यांतल्या बऱ्याच इंजिनांचं केसिंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं. ते पेटलं तर नेहमीच्या पावडरने विझत नाही आणि पाण्याने आणखी भडकतं. जे काही व्हायचं ते पहिल्या काही सेकंदांत व्हायला हवं.

हातातलं दुसरं अग्निशामक पुढच्या सीटपाशी ठेवा, मागे गादीखाली नव्हे. सगळं बसवून झालं की पिन काढली का ते स्वतः बघा, दांडी परत एकदा बघा, आणि आजची तारीख, काटा आणि वजन चिकटपट्टीवर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा.