माजी सैनिकांचा एक्स-रे काढताय? मग या चुका टाळा

डिप्लोमा करून बाहेर पडलो तेव्हा वाटायचं छाती ती छाती आणि गुडघा तो गुडघा, समोर कोण उभा आहे याने काय फरक पडतो. मग पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ईसीएचएस पॉलीक्लिनिकमध्ये रेडिओग्राफर म्हणून कॉन्ट्रॅक्टवर लागलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांची आरोग्य योजना, १ एप्रिल २००३ पासून चालू आहे. तर तिथे पहिल्याच महिन्यात डॉक्टरांनी माझ्या लागोपाठ तीन छातीच्या फिल्म परत पाठवल्या. तिन्हीत खांद्याची फळी, म्हणजे स्कॅप्युला, फुप्फुसावर आलेली. मी मशीनला शिव्या घालत बसलो पण घोळ माझा होता.

झालं काय, की मी म्हणायचो "काका, सरळ उभे राहा". आता ज्या माणसाने वीस-पंचवीस वर्षं परेड केलीय त्याला सरळ म्हणजे सावधानच कळणार ना. छाती पुढे, खांदे मागे, हात पँटच्या शिवणीला. दिसायला झकास, पण पीए व्ह्यूसाठी (किरण पाठीतून आत, छाती प्लेटकडे) नेमकं उलटं पाहिजे, खांदे पुढे गोल करून बकीला, म्हणजे प्लेट बसवायच्या स्टँडला, टेकवायचे, हाताची पालथी मूठ कमरेवर आणि कोपरं पुढे ढकललेली, तेव्हा कुठे स्कॅप्युला बाजूला सरकते. त्यामुळे "सरळ" हा शब्दच मी सोडून दिला. आता म्हणतो, "मेजर, विश्राम. आता या स्टँडला मिठी मारा." हसतात आणि बरोबर उभे राहतात. (आमच्याकडे गावात रिटायर होऊन आलेला शिपाई असो की हवालदार, तो मेजरच. पण समोरचा खरंच सुभेदार असेल तर सुभेदार साहेबच म्हणायचं, ते विसरलेलं त्यांना चालत नाही आणि नाही चालणार तेही बरोबरच आहे.)

गुडघ्याला पण तेच. टाचा जुळवून पंजे बाहेर फाकवून उभे राहतात, गुडघा फिरतो आणि वाटी मध्यावर येत नाही. पंजे समोर, दोन्ही पायांवर सारखा भार, स्टँडला रेलायचं नाही. आणि झिजेसाठी गुडघा बघायचा असेल तर झोपवून काढूच नका, झोपवल्यावर सांध्यातली गॅप छान दिसते आणि उभं केलं की हाडावर हाड. चिठ्ठीवर नुसतं एपी-लॅटरल (समोरून आणि बाजूने) लिहिलं असेल तर डॉक्टरांना विचारा, उभ्याने काढू का म्हणून. दोन मिनिटं जातात, पण पेशंटची परत एसटीने चक्कर वाचते.

"सोडा" म्हणायला विसरणे

ही माझी स्वतःची आणि आजही आठवली की लाज वाटते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक हवालदार, छातीचा एक्स-रे. मी आत काचेमागून, "श्वास घ्या... धरून ठेवा", बटण दाबलं, फोटो झाला आणि तेवढ्यात कॉम्प्युटरवर पुढच्याचं नाव टाकत बसलो. साधा पेशंट असता तर आपणहून श्वास सोडून शर्ट शोधायला लागला असता. हे तसेच उभे. वर बघितलं तर मान लाल झालेली, मी "सोडा सोडा!" म्हणत पळालो, त्यांनी श्वास सोडला आणि बकीचा स्टँड घट्ट धरला, चक्कर आली होती. खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, "तुम्ही सोडा म्हणाला नाही साहेब." तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, रिपोर्ट दिल्यासारखं सांगितलं. तेव्हापासून "सोडा" म्हटल्याशिवाय माझा हात कीबोर्डकडे जात नाही. दमेकऱ्याला तर आधी एकदा कोरडी प्रॅक्टिस करवून घ्यायची, किती सेकंद धरू शकतो ते कळतं.

आणि तोफखान्यातले असतील तर काचेमागून ओरडून काही उपयोग नाही. बऱ्याच जणांना कमी ऐकू येतं पण ते सांगत नाहीत, अंदाजाने मान हलवतात. समोर जाऊन तोंडाकडे बघत हळू सांगायचं आणि खुणा ठरवायच्या, हात वर म्हणजे श्वास घ्या, मूठ म्हणजे धरा, हात खाली म्हणजे सोडा. कवटीचा एक्स-रे असेल तर कानातलं मशीन काढावं लागतं, मग सगळ्या सूचना ते काढायच्या *आधी* द्या. हे वाचायला बाळबोध वाटेल, पण मशीन काढून ट्रेमध्ये ठेवून मग पाच मिनिटं बोलणारे मी बघितलेत (आरशात).

"दुखतंय का?" हा प्रश्न बाद

उत्तर ठरलेलं आहे, "ठीक आहे". खांदा जाम झालेला असतो, तुम्ही हात वर करायला सांगता, ते दात दाबून वर करतात आणि तुम्हाला वाटतं हालचाल चांगली आहे. त्यापेक्षा ते बाकावरून उठताना बघा, कुठला हात टेकतात, शर्टाची कुठली बाही आधी काढतात. दुखऱ्या हाताची बाही शेवटी निघते. आणि सांगताना "जिथे अडेल तिथे थांबा" असं सांगा, थांबायची परवानगी दिल्याशिवाय ही माणसं थांबत नाहीत. पडून आलेला म्हातारा असेल आणि खुब्याचं फ्रॅक्चर वाटत असेल तर पाय आत फिरवायच्या भानगडीत तर पडूच नका, आहे त्या पोझिशनमध्ये काढा.

फिल्मवरचा पांढरा ठिपका

सीआर कॅसेट (फिल्मऐवजी परत परत वापरायची, स्कॅनरने वाचायची प्लेट) वापरणाऱ्यांना माहीत आहे, प्लेटवर धुळीचा कण बसला की फोटोत पांढरा ठिपका येतो. एका काकांच्या छातीत उजवीकडे असाच छोटा वेडावाकडा ठिपका आला. मी मनात म्हटलं प्लेट पुसायला झाली, दुसरी कॅसेट लावली, परत फोटो. ठिपका तिथेच. लॉकेट नाही, खिसा नाही, बटण नाही. शेवटी विचारलं, तर बरगडीवर बोट ठेवून म्हणतात, "अहो ते माझंच आहे. एकाहत्तरचं." मी आधी विचारलं का नव्हतं? विचारलं होतं, "ऑपरेशन झालंय का?" नव्हतंच झालं, डॉक्टरांनी तो तुकडा काढलाच नव्हता. म्हणजे एक एक्सपोजर (एकदा किरण सोडणं) फुकट गेलं.

प्रश्न असा विचारायचा: गोळी, छर्रा, स्प्लिंटर कधी लागलंय का, कुठे, आत काही राहिलंय का. स्प्लिंटर शब्द त्यांचा रोजचा आहे, लगेच कळतो. १९६५, १९७१, श्रीलंका, कारगिल, कुठलंही असो. आणि शंका आली तर पेशंटला परत रेडिएशन देण्याआधी तीच प्लेट इरेज करून, समोर कोणी नसताना, तिच्यावर नुसतं एक्सपोजर देऊन बघा, ठिपका प्लेटचा असेल तर पेशंटशिवायही दिसेल.

जे कळलं ते चिठ्ठीवर लिहा, याचं खरं कारण पुढे आहे. त्याच पेशंटला उद्या कंबरेच्या एमआरआयसाठी एम्पॅनल्ड (योजनेच्या यादीतल्या) हॉस्पिटलला रेफर करतील, तिथला चुंबक चोवीस तास चालू असतो आणि आतला लोखंडाचा तुकडा हलू शकतो, तापू शकतो. डोळ्याजवळ कधी काही लागलं असेल तर एमआरआयच्या आधी ऑर्बिटचा, म्हणजे डोळ्याच्या खोबणीचा, एक्स-रे काढून घेतात. तिथल्या फॉर्मवर काका "काही नाही" लिहून मोकळे होतील, कारण पन्नास वर्षं अंगात असलेली गोष्ट त्यांना "काही" वाटतच नाही.

जाधव कोण?

"जाधव!" म्हणून हाक मारली की तिघं उठतात, एकाच गावचे, कधी कधी एकाच पलटणीतले, इनिशियलपण सारखी. "तुम्ही शंकर जाधव ना?" असं विचारू नका, कमी ऐकू येणारा हो म्हणेल. नाव आणि जन्मतारीख त्यांच्या तोंडून वदवून घ्या. आणि नुसत्या सर्व्हिस नंबरवर एंट्री करत असाल तर आजच बंद करा, कारण काकूसुद्धा नवऱ्याचाच सर्व्हिस नंबर सांगतात. आमच्याकडे एकदा काकूंची छाती काकांच्या नावावर सेव्ह झाली आणि ब्रेस्ट शॅडो बघून डॉक्टरांनी मला फोन केला म्हणून वाचलो. उजवा-डावा मार्कर शिशाचाच लावा, नंतर कॉम्प्युटरवर टाइप करणं म्हणजे गडबडीच्या दिवशी घात.

बाकी किरकोळ, पण महाग पडणारं

फोटो दुपारीच दाणेदार येत असतील तर फॅक्टर (मशीनवरचं केव्ही, एमएएसचं सेटिंग) बदलण्याआधी लाईन व्होल्टेज बघा, आमच्याकडे उन्हाळ्यात शेतीपंप चालू झाले की पडायचं. डिजिटलमध्ये जास्त डोस दिला तरी फोटो सुंदरच दिसतो, त्यामुळे "थोडं वाढवून टाकू" ही सवय लागते आणि कळतही नाही, एक्सपोजर इंडेक्स, म्हणजे प्लेटला किती डोस लागला ते सांगणारा आकडा, रोज बघा. फुजीच्या मशीनवर हा आकडा म्हणजे एस नंबर, तो उलटा चालतो, कमी नंबर म्हणजे डोस जास्त, यात नवीन पोरं हमखास फसतात.

टीएलडी बॅज, म्हणजे आपल्याला किती रेडिएशन लागलं ते मोजणारा बिल्ला, शिशाच्या ॲप्रनच्या आत, छातीवर. ॲप्रन खुंटीला टांगून घरी गेलात आणि बॅज त्यालाच राहिला तर तो एक्स-रे रूममध्ये दिवसभर डोस खात बसतो, मग तिमाही रिपोर्ट फुगून येतो आणि खुलासा तुम्ही लिहायचा. आपल्यासारख्या कामगारांना मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक) आहे, एका वर्षात ३० च्या वर नाही. आणि पेशंटला धरायला रोज तुम्ही उभे राहू नका, सोबत आलेल्या मुलाला ॲप्रन घालून उभा करा. सून आली असेल तर आधी दिवस गेलेत का ते विचारा, बाजूला घेऊन, सासऱ्यांसमोर नाही.