प्रोकमेलची स्क्रिप्ट चालत नाही? आधी लॉग उघडा

देवगडच्या बागायतदाराकडे ऑर्डरची मेल आली की प्रोकमेलने (सर्व्हरवर आलेली मेल नियमांनुसार वाटणाऱ्या प्रोग्रॅमने) ती स्क्रिप्टला द्यायची आणि पेटीवरची चिठ्ठी छापून निघायची, ही मांडणी अडते ती नेमकी ऐन हंगामात. अशा वेळी स्क्रिप्टमध्ये हात घालू नका. नियमांच्या फाइलीत सगळ्यात वर लॉगफाइलचा पूर्ण पाथ द्या, व्हर्बोज (सविस्तर नोंद) चालू करा. त्याखाली पहिलाच नियम 'सी' फ्लॅगचा (फ्लॅग म्हणजे नियमाच्या पहिल्या ओळीतलं अक्षर) ठेवा, म्हणजे प्रत्येक मेलची एक प्रत वेगळ्या फोल्डरात राहील. मग स्वतःलाच एक मेल पाठवा.

लॉग तयारच झाला नाही आणि सर्व्हरच्या मेल लॉगमध्ये 'सस्पिशस आरसीफाइल' दिसलं, तर बहुधा नियमांची फाइल ग्रुपला किंवा इतरांना लिहिण्यासाठी खुली आहे, म्हणून प्रोकमेलने ती वाचलीच नाही. परवानगी ६०० करा, म्हणजे वाचणं-लिहिणं फक्त मालकाला.

'नो मॅच' आलं आणि विषय मराठीत असेल तर कारण ठरलेलं. 'आंबा ऑर्डर' हे शब्द हेडरमध्ये तसे नसतातच, बहुधा बेस-६४ या सांकेतिक रूपात गुंडाळलेले असतात. प्रोकमेल ते उलगडत नाही. ऑर्डरसाठी वेगळा पत्ता ठेवा, नियम त्या पत्त्यावर लावा आणि विषय स्क्रिप्टला उलगडू द्या.

'एक्झिक्युटिंग' दिसतं, पण चिठ्ठी नाही? हाताने चालणारी स्क्रिप्ट इथे पडते, कारण तुमच्या शेलमधलं पाथ व्हेरिएबल (कमांड कुठे शोधायच्या त्याची यादी) प्रोकमेलकडे नसतं. प्रत्येक कमांड पूर्ण पाथने लिहा. फाइल विंडोजवर लिहिली असेल तर ओळींच्या शेवटचे जादा कॅरेज रिटर्न (न दिसणारी अक्षरं) काढा. आणि लहान 'डब्ल्यू' फ्लॅग लावाच. तो नसेल तर प्रोकमेल एक्झिट कोड (स्क्रिप्ट संपताना देते तो यश-अपयशाचा आकडा) बघत नाही. स्क्रिप्ट मेली तरी मेल पोचली असं धरतो आणि ऑर्डर गायब.

छोटी मेल चालते, पण फोटो जोडलेली 'एरर व्हाइल रायटिंग' देते, तेव्हा स्क्रिप्ट अर्धीच मेल वाचून बाहेर पडलेली असते. लिनक्सवर पाइपमध्ये (मेल स्क्रिप्टकडे जाते त्या वाटेत) साधारण ६४ किलोबाइट मावतं, म्हणून छोट्या मेलला हे कळतच नाही. इनपुट शेवटपर्यंत वाचा. वाचायची गरजच नसेल तर लहान 'आय' फ्लॅग पुरे.

दोन ऑर्डरी एकदम आल्या तर चिठ्ठ्यांचे नंबर एकमेकांवर चढतात, म्हणून नियमाला लॉक हवं, म्हणजे एका वेळी एकच स्क्रिप्ट चालेल. पाइपच्या नियमात लॉकफाइलचं नाव स्वतः द्या, नियमाच्या पहिल्या ओळीतल्या नुसत्या दुसऱ्या कोलनवर ते ठरत नाही. स्क्रिप्ट चालू असताना लाइट गेली तर हेच लॉक मागे राहतं आणि लाइट आल्यावरही मेल अडून बसते. डिफॉल्ट मुदत १०२४ सेकंद, म्हणजे सतरा मिनिटं. तेवढं थांबा, नाहीतर स्क्रिप्ट चालू नाही हे बघून लॉकफाइल हाताने पुसा.