दूषित झालेली जमीन वनस्पतींच्या साहाय्याने कशी सुधारावी

औद्योगिक वसाहतीच्या किंवा शहराच्या कडेला, नाल्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या शेतात पीक बहुधा जोमदार येते, कारण त्या पाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असते. त्याच पाण्याबरोबर कॅडमियम, शिसे किंवा क्रोमियम मातीत साचत जाते, हे मात्र वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही. माती काळी दिसते, गांडुळेही सापडतात आणि पालकाची जुडी बाजारात सहज खपते. अशी जमीन वनस्पतींच्या मदतीने सुधारता येते, परंतु ‘मोहरी किंवा सूर्यफूल पेरा, जमीन शुद्ध होईल’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला अर्धवट आहे आणि त्यापायी शेतकऱ्याची मोलाची वर्षे वाया जाऊ शकतात.

सुरुवातीलाच एक भेद समजून घ्यावा. कीटकनाशक हा रासायनिक रेणू असल्यामुळे तो लवकर किंवा उशिरा मोडतो. जड धातू हे मूलद्रव्य असल्यामुळे ते कधीच मोडत नाही, फक्त जागा किंवा रूप बदलते. म्हणून वनस्पतीकडून तीन निरनिराळी कामे करून घेता येतात: धातू मुळावाटे उपसून पाल्यात आणणे, धातू मुळांच्या थरात जखडून ठेवणे आणि कीटकनाशकाच्या विघटनाला वेग देणे. आपल्या जमिनीला यांपैकी कोणते काम हवे आहे, हे ठरवल्याशिवाय बियाणे विकत घेऊ नये.

पहिली पायरी: प्रदूषणाचा स्रोत बंद करणे

नाल्याचे पाणी वापरणे थांबवता येत नसेल, तर पुढचे सर्व श्रम व्यर्थ आहेत. पाण्याखेरीज इतर स्रोतही पाहावेत: सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातला गाळ, शहरी कचऱ्याचे न तपासलेले कंपोस्ट, बांधालगत जुन्या बॅटऱ्या फोडण्याची किंवा तारा जाळण्याची जागा. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम आणि शिसे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, त्यामुळे पुरवठादाराकडे तपासणी अहवाल मागण्यात संकोच करू नये. फॉस्फेटयुक्त खतांतूनही थोडे कॅडमियम येते. द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणातील मोरचुदामुळे वर्षागणिक तांबे साठते. फवारणीचा पंप धुण्याची ठरलेली जागा आणि औषधांचे जुने डबे पुरलेला कोपरा यांचीही नोंद घ्यावी, कारण शेतातील सर्वांत दूषित चौरस मीटर बहुधा तिथेच सापडतो.

दुसरी पायरी: नमुना घेणे आणि योग्य चाचणी मागणे

मृद आरोग्य पत्रिकेवर विसंबून राहू नये. तिच्यात सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लता), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये अशा १२ बाबी असतात, पण कॅडमियम, शिसे, क्रोमियम, निकेल किंवा आर्सेनिक त्यांत नसतात. जस्त आणि तांबे असतात, परंतु त्यांची चाचणी पिकाला कमतरता आहे का, हे पाहण्यासाठी असते; मातीत एकूण साठा किती आहे, हे तिच्यावरून कळत नाही.

शेताचे पाण्याच्या पाटाजवळचा, मधला आणि लांबचा असे भाग पाडावेत. प्रत्येक भागात नागमोडी चालत १० ते १५ ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा घेऊन वरच्या १५ सेंटिमीटरची माती काढावी. त्याच ठिकाणांपैकी काहींवर १५ ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर खोलीचे वेगळे नमुने घ्यावेत, कारण धातू मुळांच्या आवाक्याबाहेर उतरले असतील तर वनस्पतीचा उपयोग मर्यादित राहतो. जस्ताचा मुलामा दिलेली किंवा पितळी अवजारे वापरू नयेत. लाकडी, प्लॅस्टिकचे किंवा स्टेनलेस स्टीलचे साधन घ्यावे. माती सावलीत वाळवून, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवावेत आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत हेच करत राहावे. कीटकनाशकांसाठीचा नमुना मात्र वाळवू नये. तो काचेच्या बाटलीत भरून, थंड ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोहोचवावा.

आणखी एक नमुना घ्यायला विसरू नये, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे: त्याच प्रकारच्या जमिनीतला, पण नाल्याच्या वरच्या अंगाचा, कधीही दूषित पाणी न लागलेला. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीत तांबे, निकेल आणि क्रोमियम मुळातच जास्त असतात. तुलनेला स्वच्छ नमुना नसेल, तर निसर्गदत्त साठ्यालाच प्रदूषण समजण्याची चूक होते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे धातूंचे एकूण प्रमाण, पिकाला उपलब्ध प्रमाण आणि मातीचा सामू, असे तिन्ही आकडे मागावेत.

तिसरी पायरी: अहवाल वाचून हिशेब मांडणे

भारतीय संशोधनलेखांत आधारासाठी सहसा घेतली जाणारी मर्यादा किलोमागे कॅडमियमसाठी ३ ते ६ आणि शिशासाठी २५० ते ५०० मिलिग्रॅम अशी आहे. पण केवळ एकूण आकड्यावरून धोका कळत नाही. विदर्भ-मराठवाड्यातील चुनखडीयुक्त, विम्लधर्मी काळ्या मातीत कॅडमियम, शिसे आणि जस्त घट्ट धरून ठेवले जातात, तर कोकणातील आम्लधर्मी जांभ्या मातीत तेच धातू पिकाला सहज मिळतात. आर्सेनिक आणि सहा संयुजेचे क्रोमियम (क्रोमियमचे अधिक घातक रूप) यांचे वर्तन उलट असते. सामू वाढला की ते अधिक मोकळे होतात. म्हणून चुना घालावा की नाही, हे धातूनुसार ठरते.

आता हिशेब. एक एकराचा २० सेंटिमीटर जाडीचा थर, घनमीटरला १.३ टन या घनतेने, सुमारे १,०५० टन भरतो. समजा, कॅडमियम किलोमागे ४ मिलिग्रॅमवरून ३ वर आणायचे आहे. म्हणजे सुमारे १ किलो ५० ग्रॅम कॅडमियम बाहेर काढावे लागेल. एकरी ३ टन वाळलेला पाला-खोड देणाऱ्या मोहरीत किलोमागे १० मिलिग्रॅम कॅडमियम उतरले असे धरले, तर एका पिकातून ३० ग्रॅम निघते आणि ३५ पिके घ्यावी लागतात. शिशाचे गणित याहून कठीण आहे. ४०० वरून ३०० वर येण्यासाठी १०५ किलो शिसे उपसावे लागेल, आणि पाल्यात किलोमागे ५० मिलिग्रॅम उतरले तरी एका पिकातून जेमतेम १५० ग्रॅम निघते; म्हणजे सातशे पिके. हे आकडे उदाहरणादाखल गृहीत धरलेले आहेत. प्रत्यक्षात पहिल्या पिकाचा पाला तपासून आपले आकडे त्यांच्या जागी घालावेत.

यावरून निर्णय सोपा होतो. प्रदूषण सौम्य असेल, वरच्या थरात असेल आणि धातू कॅडमियम, जस्त किंवा निकेल यांपैकी असेल, तर उपसण्याचा मार्ग विचारात घ्यावा. शिसे, क्रोमियम किंवा भरमसाट तांबे असेल, तर जखडून ठेवण्याचाच मार्ग धरावा.

उपसण्यासाठी मोहरी रब्बीत दाट पेरावी, कारण इथे दाणा नको असून पाला हवा आहे, आणि शेंगा भरण्यापूर्वीच ती कापावी. आर्सेनिकसाठी टेरिस व्हिटाटा हे नेचे विशेष उपयुक्त आहे. २००१ साली फ्लोरिडातील संशोधकांनी त्याचा हा गुण प्रथम दाखवून दिला. आपल्याकडे जुन्या चुनेगच्ची भिंतींवर ते आपोआप उगवते आणि त्याला सावली, ओलावा व चुनखडी मानवते. ईडीटीएसारखी रसायने घालून धातू मोकळे करण्याचा सल्ला मिळाला, तर तो मानू नये. मोकळा झालेला धातू मुळात शिरण्याआधीच पावसाबरोबर विहिरीत उतरू शकतो.

चौथी पायरी: धातू जखडून ठेवणे

बहुसंख्य दूषित शेतांसाठी मला हाच मार्ग व्यवहार्य वाटतो. चांगले कुजलेले शेणखत किंवा तपासलेले कंपोस्ट मातीत मिसळावे; सेंद्रिय पदार्थ धातूंना बांधतात, शिवाय सहा संयुजेच्या घातक क्रोमियमचे तीन संयुजेच्या कमी घातक रूपात परिवर्तन होण्यास मदत करतात. शिशासाठी रॉक फॉस्फेट उपयोगी पडते, पण आर्सेनिक असलेल्या जमिनीत ते घालू नये, कारण फॉस्फेट आर्सेनिकला मातीच्या कणांवरून सोडवते.

पावसाळ्याच्या तोंडावर उताराला आडव्या ओळींत वाळ्याचे ठोंब १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर लावावेत. वाळ्याची मुळे खोल जातात, माती वाहून जाऊ देत नाहीत आणि बहुतेक धातू मुळांतच अडकून राहतात. एक इशारा मात्र फार गांभीर्याने घ्यावा: अशा जमिनीतील वाळ्याची मुळे माठात टाकण्यासाठी, अत्तरासाठी किंवा औषधासाठी कधीही विकू नयेत. ओळींच्या मधल्या जागेत बांबू, करंज किंवा एरंड लावता येतो. एरंडाचे तेल अखाद्य असल्यामुळे तो सोयीचा आहे, पण त्याची पेंड खत म्हणून दुसऱ्या शेतात नेऊ नये. नागपूर जिल्ह्यातील गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ओसाड ढिगाऱ्यावर नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेने साखर कारखान्यातील प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) आणि जिवाणूखते वापरून झाडे उभी केली; माती इतकी निकृष्ट असतानाही सेंद्रिय भर आणि मुळांभोवतीचे सूक्ष्मजीव यांच्या जोरावर ते साधले.

पाचवी पायरी: कीटकनाशकांचे अवशेष

इथे वनस्पतीची मदत सर्वांत फलदायी ठरते. मुळांतून स्रवणाऱ्या शर्करा व आम्लांवर जिवाणू पोसले जातात आणि तेच कीटकनाशकाचा रेणू मोडतात. म्हणून तंतुमय मुळांचे दाट गवत किंवा ज्वारी-मका आणि त्यानंतर ताग किंवा धैंचा, असा क्रम लावावा; हिरवळीचे पीक फुलोऱ्यात गाडावे, जमीन ओलसर ठेवावी, पण पाणी साचू देऊ नये. जमिनीत धातूही असतील, तर गाडलेला पाला त्यांना तिथेच परत करतो, हे विसरू नये. मका अ‍ॅट्राझिनसारखे तणनाशक स्वतःच्या पेशींतही निष्प्रभ करतो.

डीडीटी किंवा बीएचसी यांचे जुने अवशेष मात्र दशकानुदशके टिकतात. शेतीतील डीडीटीचा वापर १९८९ मध्ये आणि बीएचसीचा १९९७ मध्ये बंद झाला असला, तरी जुन्या गोदामांच्या आवारात ते आजही आढळू शकतात. भोपळावर्गातील काही जाती हे अवशेष मुळावाटे फळापर्यंत ओढतात, तेव्हा अशा जागी लाल भोपळा किंवा काकडी खाण्यासाठी लावू नये.

तणनाशक शिल्लक आहे का, याची घरगुती चाचणी करता येते. एका कुंडीत शंकास्पद आणि दुसरीत स्वच्छ माती घेऊन दोन्हींत काकडी व मोहरीचे बी पेरावे आणि तीन आठवडे उगवण, पानांचा रंग व मुळांची वाढ ताडून पाहावी. ही चाचणी प्रयोगशाळेची जागा घेत नाही, पण खर्च करण्याआधी दिशा दाखवते.

सहावी पायरी: कापणी आणि विल्हेवाट

धातू उपसलेला पाला गुरांना घालू नये, शेतात जाळू नये, कंपोस्टमध्ये किंवा गोबरगॅसमध्ये टाकू नये. धातू राखेतून, धुरातून किंवा स्लरीतून परत येतात. कापलेला माल ताडपत्रीवर वाळवून पोत्यांत भरावा, पाला तपासून घ्यावा आणि प्रमाण जास्त आढळल्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाशी संपर्क साधावा. राज्यात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे घातक कचऱ्याची सामाईक विल्हेवाट केंद्रे आहेत. हा खर्च आणि वाहतूक पेरणीपूर्वीच गृहीत धरावी. काम करताना हातमोजे व मुखपट्टी वापरावी आणि लहान मुलांना त्या मातीत खेळू देऊ नये.

सातवी पायरी: खाद्यपिकाकडे परतणे

दरवर्षी त्याच ठिकाणांचे, त्याच खोलीचे नमुने तपासावेत. उपलब्ध धातूचे प्रमाण सलग दोन वर्षे खाली राहिले, तर आधी टोमॅटो, वांगी, भेंडी यांसारखी फळभाजी छोट्या वाफ्यात घ्यावी, कारण फळांत धातू सहसा कमी उतरतात. त्यानंतर मुळा-गाजर आणि सर्वांत शेवटी पालक, मेथी, चुका, अळू. प्रत्येक टप्प्यावर खाण्याचा भाग स्वयंपाकाला घेतो तसा धुऊन तपासणीला पाठवावा. पालेभाज्यांत कॅडमियमची कोडेक्स (आंतरराष्ट्रीय अन्नमानके) मर्यादा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आहे. अहवाल हाती येईपर्यंत त्या वाफ्यातील माल घरातही वापरू नये आणि बाजारातही नेऊ नये.