जुन्या इंग्रजी विनोदी नाटकांविषयी लिहिताय? या चुका टाळा

नाटकाच्या नावापुढे कंसात एकच साल टाकून मोकळं होणं ही पहिली चूक. बाकीच्या बऱ्याचशा हिच्याच पोटी जन्मतात. प्रयोगाची पत्रिका असो, एम.ए.चा पेपर असो की रूपांतराची प्रस्तावना, ते साल प्रयोगाचं की छपाईचं, हे कुणी सांगतच नाही. शेक्सपिअरचं 'ट्वेल्फ्थ नाइट' लंडनच्या मिडल टेम्पलमध्ये २ फेब्रुवारी १६०२ रोजी झालं आणि छापून आलं १६२३ च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या मोठ्या एकत्रित ग्रंथात. तोवर त्याला जाऊन सात वर्षं झाली होती. दोन सालं असतील तर दोन्ही लिहा, जागा फारशी जात नाही.

त्यातही एक खोच आहे. हा प्रयोग पाहणाऱ्या जॉन मॅनिंगहॅम या कायद्याच्या विद्यार्थ्याच्या रोजनिशीत साल १६०१ आहे. तो चुकला नव्हता. इंग्लंडात तेव्हा नवं साल २५ मार्चला लागायचं आणि ही रीत १७५१ पर्यंत चालली. मी स्वतः एका टिपणात १६०१ लिहून बसलो होतो. जानेवारी ते मार्चमधली जुनी तारीख दिसली की थांबा आणि साल जुन्या रीतीचं आहे का, ते बघून घ्या.

शीर्षकपानावर छापलंय म्हणजे खरंच, असंही धरू नका. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'च्या दोन वेगळ्या छापील प्रतींवर १६०० हेच साल आहे. एक अस्सल. दुसरी १६१९ मध्ये विल्यम जॅगर्डच्या छापखान्यात, थॉमस पेव्हियर या प्रकाशकासाठी निघाली आणि तिच्यावर जुनं साल ठोकून दिलं. 'मिडसमर नाइट्स ड्रीम'चंही तेच केलं. जवळजवळ तीनशे वर्षं हे खपून गेलं. मग १९०८ मध्ये जुन्या पुस्तकांचे अभ्यासक डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी कागद उजेडाकडे धरून त्यातली जलचिन्हं, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटलेल्या खुणा, तपासली. १६००, १६०८ आणि १६१९ अशी वेगवेगळी सालं मिरवणारी नाटकं एकाच गठ्ठ्यातल्या कागदावर छापलेली निघाली! एकोणीस वर्षं कुठला छापखानदार कागद राखून ठेवतो? तुमच्यासमोर स्कॅन केलेली प्रत असेल तर शीर्षकपानाचा तळ बघा. अस्सल 'मर्चंट'वर थॉमस हेज या विक्रेत्याचं नाव आणि ग्रीन ड्रॅगनच्या पाटीचा पत्ता आहे. नकलीवर नुसतं 'जे. रॉबर्ट्स, १६००'.

आता अठराव्या शतकातला नाटककार शेरिडन याचं 'द रायव्हल्स'. 'पहिल्या प्रयोगातला अमुक संवाद' असं लिहून छापील पुस्तकातलं वाक्य उद्धृत करणारे अनेक भेटतात. १७ जानेवारी १७७५ ला लंडनच्या कव्हेंट गार्डन नाट्यगृहात हे नाटक साफ पडलं. लांबलचक, नटांची तयारी कच्ची, आणि सर ल्युशियस हा आयरिश सरदार करणारा जॉन ली तर प्रेक्षकांना मुळीच रुचला नाही. शेरिडननं नाटक मागे घेतलं, कापाकापी केली, लीच्या जागी लॉरेन्स क्लिंचला घेतलं आणि ११ दिवसांनी, २८ तारखेला, पुन्हा उभं केलं. ते चाललं. पुस्तक निघालं ते या दुरुस्त नाटकाचं. मग पडलेलं नाटक कुठे सापडेल? आपल्याकडे परिनिरीक्षण मंडळाला संहिता पाठवतात, तशी १७३७ च्या कायद्यानं लंडनच्या नाटकवाल्यांना ती लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडे मंजुरीसाठी धाडावी लागे. तिथली 'रायव्हल्स'ची हस्तलिखित प्रत आज कॅलिफोर्नियात हंटिंग्टन ग्रंथालयात आहे. पहिल्या रात्रीबद्दल बोलायचं तर तीच धरायला हवी. सेन्सॉरच्या दप्तरानं नाटक जपून ठेवावं, हेही एक प्रहसनच.

त्याच शेरिडनचं 'स्कूल फॉर स्कँडल' १७७७ मध्ये लंडनच्याच ड्रुरी लेन नाट्यगृहात आलं. ते छापील प्रतीवरून तपासायला गेलात तर फसाल, कारण त्यानं स्वतः ते कधी छापायला दिलंच नाही. फिरत्या प्रती डब्लिनच्या. ब्रिटिश कॉपीराइटचा कायदा तेव्हा आयर्लंडला लागू नव्हता, त्यामुळे तिथल्या छापखान्यांचं फावलं. आजची आवृत्ती घेताना संपादकानं कोणतं हस्तलिखित पायाला धरलंय, तेवढं प्रस्तावनेत शोधा.

सतराव्या शतकातल्या वायचर्ली या नाटककाराच्या 'कंट्री वाइफ'चं थोडक्यात सांगतो. नट डेव्हिड गॅरिकनं १७६६ मध्ये केलेलं 'कंट्री गर्ल' म्हणजे तेच नाटक नव्हे, तो धुऊन-पुसून सोवळा केलेला अवतार आहे. मूळ नाटक पुन्हा रंगमंचावर यायला १९२४ उजाडलं.

शेवटची चूक आपल्या घरातली. 'संशयकल्लोळ' थेट मोलिएरवरून घेतलं, असं सर्रास लिहिलं जातं. मोलिएरचं 'स्गानारेल' १६६० चं. त्यावरून आर्थर मर्फीनं 'ऑल इन द राँग' रचलं, ते १७६१ च्या उन्हाळ्यात ड्रुरी लेनला झालं, आणि देवलांनी आधार घेतला तो या इंग्रजी नाटकाचा. मधला मर्फी गाळला की पुढची वंशावळच चुकते. शिवाय देवलांचंही नाटक दोनदा जन्मलं: १८९३ चं गद्य 'फाल्गुनराव' आणि १९१६ चं संगीत 'संशयकल्लोळ'. हातात पदांचं पुस्तक धरून त्याच्यापुढे १८९३ लिहू नका. त्या साली नाटकातला अश्विनशेट गात नव्हता.