हत्यारांची वही घरच्या सर्व्हरवर: होमबॉक्स लावा, नंबर ठोका

स्वतः हत्यारं बनवणाऱ्याला किंवा जुनी घेऊन नीट करणाऱ्याला एक दिवस हा प्रश्न येतोच की ही पटाशी कुठल्या पोलादाची, हिला धार किती अंशावर दिली होती आणि शेवटची कधी. एक्सेलमध्ये काही दिवस चालतं, मग फोटो, बिलं आणि धारेच्या तारखा आल्या की गोंधळ सुरू. यासाठी होमबॉक्स बरं आहे, म्हणजे घरातल्या वस्तूंची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, आपल्याच मशीनवर चालणारं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, गो भाषेत लिहिलंय, डेटा एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या फाइलमध्ये राहतो, त्यामुळे जुन्या मशीनवरसुद्धा आरामात पळतं. फक्त एक लक्षात ठेवा, मूळ डेव्हलपरने २०२४ मध्ये प्रोजेक्ट थांबवलाय आणि आता सिसअ‍ॅडमिन्समीडिया नावाची कम्युनिटी तो चालवते, म्हणून जुन्या गाईडमधलं डॉकर इमेजचं (सॉफ्टवेअरच्या तयार पॅकेजचं) नाव जसंच्या तसं उचलू नका.

मशीन म्हणून जुना लॅपटॉपच घ्या असं मी म्हणेन, कारण त्याची बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. ४ जीबी रॅम पुष्कळ झाली. त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाका, डेस्कटॉपशिवाय. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, म्हणून सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या भागाच्या) लॉगइनडीवाल्या फाइलमध्ये झाकणाची सेटिंग 'इग्नोअर' करा. कायम चार्जरवर राहणार असल्यामुळे बायोसमध्ये किंवा टीएलपी या बॅटरी सांभाळणाऱ्या टूलमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवा, आणि बॅटरी फुगलेली दिसली तर मशीन बंद करून ती आधी बाहेर काढा, दाबायची वगैरे नाही.

मग डॉकर (सॉफ्टवेअर कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं टूल) आणि कंपोज (त्याची सगळी सेटिंग एका फाइलमध्ये लिहायची सोय). कंटेनरच्या आतला पोर्ट ७७४५ आहे, डेटाचा फोल्डर बाहेर लॅपटॉपवरच मॅप करा नाहीतर कंटेनर काढून नवा केला की सगळी नोंद गायब. रीस्टार्ट पॉलिसी 'अनलेस स्टॉप्ड' ठेवा. 'लेटेस्ट' टॅग मला आवडत नाही, ठराविक व्हर्जन लिहा आणि वाटेल तेव्हा स्वतः अपडेट करा. पहिलं अकाउंट बनलं की रजिस्ट्रेशनचा पर्याय बंद करून टाका, हे बहुतेक लोक विसरतात.

आता थांबा. लेबल छापण्याआधी पत्ता पक्का करायचा. होमबॉक्सच्या क्यूआरमध्ये पूर्ण वेब अ‍ॅड्रेस असतो, म्हणजे राउटरने उद्या लॅपटॉपला दुसरा आयपी दिला तर छापलेली सगळी लेबलं मेली. राउटरमध्ये त्या मशीनसाठी आयपी राखून ठेवा किंवा घरच्या नेटवर्कवर एखादं नाव द्या आणि तेच कायम वापरा. क्यूआर हत्यारावर चिकटवू नका, तेलाने सुटतो. तो खणावर किंवा डब्यावर.

हत्यारावर नंबर ठोकायचा. होमबॉक्स प्रत्येक वस्तूला ०००-००१ असा अ‍ॅसेट आयडी देतं, त्यातले शेवटचे आकडे नंबर पंचने पोलादावर उमटवायचे. पण हे पाणी पाजायच्या, म्हणजे तापवून बुडवून कडक करायच्या, आधी! पोलाद कडक झालं की पंचचीच धार बसते, पोलादावर काही उठत नाही. म्हणजे क्रम उलटा करावा लागतो: आधी होमबॉक्समध्ये नोंद करा, नंबर घ्या, मग भट्टी पेटवा.

समजा आखणीची सुरी बनवताय, ओ-१ पोलादाची (तेलात बुडवून कडक होणारं हत्यारांचं पोलाद). कानसने आकार द्या, नंबर मुठीजवळच्या रुंद भागात हलकाच ठोका, धारेजवळ किंवा कोपऱ्यात खोल ठोकला तर तिथूनच तडा जायची भीती. मग लाल होईपर्यंत तापवा, चुंबक चिकटायचं बंद झालं की अजून थोडं वर न्या (साधारण ८०० अंश सेल्सिअस) आणि कोमट तेलात बुडवा. पाणी पाजणं म्हणत असलो तरी ओ-१ ला पाणी नको, तेलच, नाहीतर तडकतं. कानस घासून बघा, घसरली तर कडक झालंय. पण आत्ता ते काचेसारखं ठिसूळ आहे, म्हणून साधारण २०० अंशाला ओव्हनमध्ये एक तास, थंड करून परत एक तास. घासून चकचकीत केलेल्या भागावर फिकट पिवळा रंग आला की बरोबर. मुठीला जवसाचं तेल लावलं तर त्याच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून ठेवा.

हे सगळं सुरीच्या नोंदीत कस्टम फील्ड म्हणून टाका: पोलाद, ओव्हनचं तापमान, धारेचा अंश, मुठीचं लाकूड. रंध्याच्या पात्यासाठी घासलेल्या मोठ्या उताराचा २५ अंश आणि टोकाच्या धारेचा ३० अंश असे दोन वेगळे आकडे लिहा, एकच लिहिलात तर नंतर कोणता ते कळत नाही. धार लावली की मेंटेनन्स लॉगमध्ये एक ओळ. एवढंच, प्रत्येक स्क्रूची नोंद करायला बसलात तर कंटाळून सोडून द्याल.

बाहेरून बघायचं असेल तर पोर्ट फॉरवर्ड (राउटरचं दार इंटरनेटला उघडं करणं) नको, वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखा व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतचा खाजगी रस्ता, वापरा. बॅकअप घेताना कंटेनर आधी थांबवा, डेटा फोल्डर कॉपी करा, मग सुरू करा, कारण चालू एसक्यूलाइट फाइलची कॉपी कधीकधी अर्धवट निघते. ही कॉपी दुसऱ्या डिस्कवर ठेवा, त्याच लॅपटॉपवर नाही. सीएसव्ही (साधी तक्त्याची फाइल) एक्सपोर्टवर विसंबू नका, त्यात फोटो येत नाहीत. आणि एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, फोटो दिसतायत का तेवढं तपासा.