ऑटोमॅटिक गाडी मधेच झटका देते? गिअरबॉक्स उघडायच्या आधी हे बघा

गॅरेजात नेली की गाडी एकदम शहाण्यासारखी वागते, हा ऑटोमॅटिकवाल्यांचा ठरलेला ताप. माझी गाडी ठाण्यात घोडबंदर रोडला दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मधूनच असा दणका द्यायची की मागे बसलेली आई विचारायची कोणी ठोकलं का रे, आणि मेकॅनिक शेजारी बसला की लोण्यासारखी चालायची. एका गॅरेजवाल्याने तर नीट न बघताच व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्समध्ये ऑइल कुठे जायचं ते ठरवणारा भाग) गेली म्हणून सांगितलं, आकडा ऐकून मी समोरचा चहा तसाच ठेवून निघालो.

सगळ्यात आधी आपल्या गाडीत कुठला गिअरबॉक्स आहे ते बघा, कारण ऑटोमॅटिक म्हणजे सगळं एकच नाही. वॅगनआर, टियागोमधला एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअलच, फक्त क्लच आणि गिअर मशीन टाकतं, त्यामुळे पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थोडं डुलणं त्याचा स्वभावच आहे. ते पूर्वीपेक्षा वाढलंय का एवढंच बघायचं, वाढलं असेल तर क्लच झिजलाय का ते तपासायला सांगा. ड्राय क्लचवाला (म्हणजे क्लच ऑइलमध्ये बुडालेला नसतो) डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स असेल तर माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकताना तो तापतो आणि मग झटके देतो, तिथे पुढे थोडी जागा होऊ द्या मग ब्रेक सोडा. सीव्हीटीत, म्हणजे पट्टा आणि पुलीवाल्या गिअरबॉक्समध्ये तर ठरावीक गिअरच नसतात. खाली जे सांगतोय ते मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांसाठी, म्हणजे ज्यात इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला जाते.

आता खरं काम. मोबाईलवर नोंदी ठेवा, आठ-दहा दिवस. झटका आला की गाडी बाजूला घेतल्यावर लिहायचं: इंजिन गार होतं की गरम, कुठल्या गिअरवरून कुठल्यावर, स्पीड किती, पाय दाबलेला होता की सोडलेला, एसी चालू होता का, रस्ता कसा होता. रस्ता लिहायचं लोक विसरतात, मी पण पहिले चार दिवस विसरलो. नंतर वाचताना लक्षात आलं की पाम बीच रोडवर वाशीपर्यंत एकदाही झटका नाही, आणि गायमुखच्या खड्ड्यांत किंवा सोसायटीच्या स्पीडब्रेकरनंतर हमखास. गरम-गारचा काही संबंधच नव्हता! म्हणजे काहीतरी हलल्यावर बिघडत होतं.

चालवताना आरपीएमच्या काट्यावरपण लक्ष ठेवा. गिअर बदलताना काटा वर उडाला आणि गाडी पुढे ओढली नाही तर आत क्लच घसरतोय, ते गंभीर. मॅन्युअल मोड असेल तर एकाच गिअरमध्ये धरून चालवा, तरी झटका आला तर गिअर बदलण्याचा दोषच नाही, स्पार्क प्लग, कॉइल नाहीतर इंजिन माउंटिंगकडे बघा. आणि ६०-७० च्या स्पीडला हलक्या पायाने चालवताना खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येत असेल तर मागे कोणी नाही बघून डाव्या पायाने ब्रेकला जेमतेम स्पर्श करा, थरथर लगेच थांबली तर टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपवर (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या आतल्या क्लचवर) संशय घ्यायचा.

आता गिअरबॉक्सचं ऑइल, म्हणजे एटीएफ. डिपस्टिक असेल तर गाडीच्या माहितीपुस्तकात दिलंय तसंच तपासा, बऱ्याच गाड्यांत इंजिन गरम आणि चालू ठेवून बघायचं असतं पण काहींत बंद करून. एटीएफ सहसा लालसर असतं, काळपट तपकिरी झालं आणि जळका वास आला तर गडबड आहे. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना डिपस्टिक नसतेच, मग लेव्हल ठरावीक तापमानाला खालच्या प्लगमधून बघतात, ते गॅरेजवाल्यालाच करू द्या. आणि कुठलंही लाल ऑइल ओतू नका, सीव्हीटीचं वेगळं, डीसीटीचं वेगळं.

बॅटरी लोक हसण्यावारी नेतात. गिअरबॉक्सचा कंप्युटर आणि सोलेनॉइड (ऑइलचा रस्ता उघडणारे-बंद करणारे विजेचे व्हॉल्व्ह) करंटवरच चालतात. रात्रभर उभी गाडी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ दाखवायला हवी, अर्थिंगची वायर सैल नाही ना तेपण हलवून बघा. फक्त बॅटरीचं टर्मिनल उगाच काढू नका, काही गाड्यांत गिअर कसे बदलायचे हे गिअरबॉक्सने शिकलेलं सगळं पुसलं जातं आणि मग काही दिवस अजून झटके.

मग स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. स्टीअरिंगखालच्या पोर्टला लावायचे स्वस्त ब्लूटूथवाले बहुतेक वेळा इंजिनपुरतंच वाचतात. त्यात पी०७०० हा कोड दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कंप्युटरकडे काहीतरी नोंद आहे, ती वाचायला चांगला स्कॅनर लागतो. कोड पुसायच्या आधी फोटो काढा, डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा लागला नसला तरी जुनी नोंद आत असू शकते. माझ्या गाडीत पी०७२० निघाला, म्हणजे आउटपुट स्पीड सेन्सरच्या (गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटचा दोष. तेवढ्यावर गॅरेजवाले सेन्सर बदलायला निघाले होते, मी म्हटलं आधी वायर बघा. बघितली तर पार्किंगमधल्या उंदीरमामांनी कुरतडलेली, खड्ड्यात हादरली की तुटायची, परत चिकटायची. वायर जोडून घेतली, कोड पुसला, विषय संपला.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसली, जळका वास आला किंवा डीमध्ये टाकून पुढेच सरकेना, तर मात्र ही नोंदी-बिंदी सोडा आणि बाजूला लावा. टो करताना, इंजिनची ताकद पुढच्या दोन चाकांना जात असेल तर ती चाकं रस्त्यावर ठेवून ओढू देऊ नका, सरळ फ्लॅटबेडच मागवा.