मत बदलले की तारीख घालावी : पुनर्वाचनाची वही कशी ठेवावी

माझ्याजवळच्या ‘कोसला’च्या प्रतीत एका पानाच्या समासात निळ्या शाईने ‘अगदी असंच!’ असे लिहिलेले आहे आणि त्याच्याच खाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात, ‘आणि वडिलांचं काय?’ असे लिहिलेले आहे. दोन्ही अक्षरे माझीच आहेत. मध्ये सत्तावीस वर्षे गेली. पहिला शेरा मारला तेव्हा मी खानापूरहून रोज रेल्वेने बेळगावला कॉलेजसाठी येत असे, पासाचे पैसे घरून मिळत आणि कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर याच्याइतका जवळचा माणूस मला आमच्या गल्लीतही नव्हता. दुसरा शेरा लिहिला त्या वर्षी माझा मुलगा पुण्यात खोली करून राहत होता आणि दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत मला त्याला पैसे पाठवावे लागत होते. १९६३ साली प्रसिद्ध झालेली ती कादंबरी, माझ्या हातातली तीच जुनी प्रत; तिच्यातला एक शब्दही मधल्या काळात इकडचा तिकडे झाला नव्हता.

पुस्तकाविषयीचे मत बदलणे हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत घडते. अडचण अशी की ते कधी आणि कशामुळे बदलले हे नंतर सांगता येत नाही, आणि ‘पूर्वी फार आवडायचं, आता नाही आवडत’ एवढ्यावर बोलणे संपते. समासातल्या त्या दोन शेऱ्यांमुळे मला ते सांगता आले, पण तो योगायोग होता. तो सवयीत कसा आणावा, ते पुढे लिहीत आहे.

वही कशी आखावी

साधी दोनशे पानी वही पुरते. प्रत्येक पुस्तकाला समोरासमोरची दोन पाने द्यावीत. डावे पान पहिल्या वाचनाचे, उजवे पान कोरे. हे कोरे पान पाहून कंजूष माणसाचा जीव खालीवर होतो आणि तिथे किराणाची यादी लिहिण्याचा मोह होतो, तो आवरावा.

डाव्या पानावर सर्वांत आधी तारीख घालावी. मग कोणती आवृत्ती, मूळ की अनुवाद, प्रत स्वतःची की वाचनालयाची, आणि त्या दिवसांत आपण काय करीत होतो याची एक ओळ. परीक्षेचे दिवस, घरातले आजारपण, नवी नोकरी, जे असेल ते. ही ओळ सर्वांत फालतू वाटते आणि वीस वर्षांनी सर्वांत जास्त उपयोगी पडते. त्यानंतर मत, चार-पाच वाक्यांत. मताखाली ज्या वाक्यावर किंवा प्रसंगावर ते उभे आहे, त्या वाक्याचे पहिले चार-पाच शब्द उतरवून घ्यावेत. नुसता पानाचा आकडा नोंदवून भागत नाही, कारण पुढच्या आवृत्तीत पाने हलतात आणि आकडा निरुपयोगी होतो.

गुण देऊ नयेत. दहापैकी सात म्हणजे काय, हे लिहिणाऱ्यालाही पुढच्या दिवाळीपर्यंत आठवत नाही. त्याऐवजी ‘नायक रडला तेव्हा मला कंटाळा आला’ असे लिहिले, तर ते वाक्य पुढे कधीही उलटून आपल्याशी बोलू शकते.

नोंद पुस्तक संपल्यावर दोन दिवसांच्या आत करावी, आणि कोणाशीही त्याविषयी बोलण्यापूर्वी करावी. प्रस्तावना असेल तर तीही नोंदीनंतर वाचावी. एकदा जाणकार माणसाचे बोलणे कानावर पडले की आपले मत त्याच्या मताच्या सावलीला जाऊन बसते, आणि पुढे ते आपलेच होते असे आपण शपथेवर सांगतो.

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. इतक्या जुन्या वाचनपरंपरेच्या गावात पुष्कळ जण पुस्तके वाचनालयातूनच आणतात, आणि त्या पुस्तकांच्या समासात लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही. (एका वाचनालयाच्या प्रतीत ‘नायिका मूर्ख आहे’ या पेन्सिलीच्या शेऱ्याखाली दुसऱ्या कोणी ‘तुमचं लग्न झालंय का?’ असे लिहिलेले मी पाहिले आहे. मजा वाटली तरी हा मार्ग आपला नव्हे.) वाचनालयाच्या पुस्तकात कागदाच्या चिठ्ठ्या घालाव्यात आणि परत करताना त्या वहीत चिकटवाव्यात.

पुन्हा वाचताना

पुनर्वाचनाला बसण्यापूर्वी वही उघडू नये. आधी एका सुट्या कागदावर, त्या पुस्तकात काय आहे आणि ते आपल्याला का आवडले किंवा नावडले होते, हे केवळ आठवणीने लिहावे. मग पुस्तक वाचावे. मग उजव्या पानावर नवी नोंद करावी, आणि शेवटी डाव्या पानावरची जुनी नोंद वाचावी. क्रम महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे हाती तीन गोष्टी येतात: तेव्हाचे मत, मधल्या काळात मनात तयार झालेले चित्र आणि आजचे मत. गोंधळ बहुतेक वेळा मधल्या चित्राचा असतो.

माझ्या बाबतीत हे खांडेकरांच्या ‘ययाति’मध्ये लक्षात आले. देवयानी म्हणजे रागीट, आढ्यताखोर बाई आणि शर्मिष्ठा म्हणजे सोशिक देवता, एवढेच माझ्या कागदावर उतरले होते. वाचायला घेतल्यावर दिसले की १९५९ सालच्या त्या कादंबरीत देवयानी स्वतःच्या तोंडाने स्वतःची बाजू सांगते; ययाति आणि शर्मिष्ठा जशी बोलतात तशी तीही बोलते. तिचे निवेदन मी पहिल्यांदा वाचलेच असणार, पण डोक्यात राहिला तो वर्गात शिकवलेला सारांश. जुनी नोंद उघडली तर तिथे देवयानीविषयी एक अक्षरही नव्हते. म्हणजे माझे मत बदलले, असे म्हणण्यात अर्थच नव्हता. तिच्याविषयी माझे मत कधी झालेलेच नव्हते, ते उसने आणलेले होते.

इथे कन्नड येत असल्याचा, किंवा कन्नडमधून आलेले अनुवाद हाताशी असल्याचा, आपल्याला मोठा फायदा होतो. गिरीश कर्नाडांचे ‘ययाति’ हे नाटक १९६१ सालचे. कथा तीच, पण त्यात बापाचे म्हातारपण अंगावर घेणाऱ्या पुरूची नवपरिणीत पत्नी चित्रलेखा आहे, आणि या सौद्यात आपल्याला कोणी विचारले का, हा तिचा प्रश्न आहे. शेवटी ती आत्महत्या करते. हे नाटक वाचून झाल्यावर मी कादंबरीकडे परत आलो, तेव्हा पुरूच्या त्यागाने पूर्वी जसा भारावलो होतो तसा भारावू शकलो नाही. कादंबरी बिघडली नव्हती. तिच्याशेजारी दुसरे पुस्तक येऊन बसले होते. असे झाले की उजव्या पानावर ‘मधे काय वाचले’ अशी एक ओळ जरूर टाकावी.

व्यक्तिरेखेविषयीचे मत बदलले असेल तर एक साधी कसोटी आहे. ती व्यक्तिरेखा कोणाच्या डोळ्यांनी दिसते, हे शोधावे आणि पहिल्या वाचनात आपण कोणाच्या बाजूला उभे होतो ते पाहावे. आमची शहापूरची मावशी आणि मी भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’वरून एक अख्खी पावसाळी दुपार भांडलो आहोत. तिने ती कन्नडमधून वाचलेली, मी उमा कुलकर्णींच्या मराठी अनुवादातून. बेळगावात जन्मलेल्या या अनुवादिकेला याच अनुवादासाठी १९८९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मी श्रीनिवास श्रोत्रींच्या संयमावर बोलत होतो, आणि मावशी पुनर्विवाहासाठी मुलाला सासऱ्यांकडे, म्हणजे याच श्रोत्रींकडे, सोडून जाणाऱ्या कात्यायनीवर.

‘‘तू श्रोत्रींच्या माडीवर बसून बघायलास रे,’’ मावशी म्हणाली. ‘‘खाली उतरून बघ की जरा.’’

‘‘आणि तू पूर्वी काय म्हणायचीस, मावशी? तूच म्हणालीस ना, पोराला टाकून गेली म्हणून?’’

‘‘म्हणायची की. तवा माझी पोरं लहान होती.’’

मावशीने वही ठेवली नव्हती, पण कारण तिला नेमके ठाऊक होते. अशी माणसे विरळा. बाकीच्यांनी लिहून ठेवावे. दोन भाषांत वाचले असेल तर कोणते मत कोणत्या भाषेतल्या वाचनातून आले, हेही लिहावे, म्हणजे अनुवादातला कोरडेपणा मूळ लेखकाच्या माथी मारला जात नाही.

आपले म्हणून आवडलेले

सीमाभागातल्या मराठी वाचकाची एक खास अडचण आहे आणि तिच्याविषयी उघड बोलले जात नाही. इथे मराठी पुस्तक हे नुसते पुस्तक नसते. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो १९४६ सालच्या बेळगावच्या साहित्य संमेलनात, आणि आजही कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांतून संमेलन भरते तेव्हा ग्रंथदिंडीला सारा गाव रस्त्यावर येतो. पालखीत ठेवलेल्या पुस्तकाविषयी ‘हे सुमार आहे’ असे म्हणायला जीभ उचलत नाही. त्यामुळे आपल्याकडे पुष्कळ मते बदलूनही बोलली जात नाहीत, आणि न बोललेले मत पुढे पुढे स्वतःलाही आठवेनासे होते.

यावर मी वहीत दोन ओळींचा उपाय करतो. पहिल्या ओळीत ‘हे पुस्तक मराठीत आहे, आपल्या भागातले आहे, याचा मला आनंद का वाटतो’ ते लिहितो. दुसऱ्या ओळीत, हेच पुस्तक नागपूरच्या किंवा नाशिकच्या वाचकाने, ज्याला बेळगावचा खडेबाजार कुठे आहे हे माहीत नाही, वाचले तर त्याच्या हाती काय लागेल ते लिहितो. दोन्ही ओळी खऱ्याच असतात, त्या एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत इतकेच. प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’ १९९४ साली आला, तेव्हा त्यातल्या लंपन या मुलाच्या बोलण्यातले कानडी वळण आणि ओळखीच्या खुणा सापडल्या की मी हरखून जाई. आठवड्यात दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा गावच वाचले. दुसरी ओळ मी कितीतरी वर्षांनी भरली. आईपासून दूर, आज्जी-आजोबांच्या घरी राहणाऱ्या मुलाचे एकटेपण हे त्या कथांच्या पोटात आहे, आणि त्यासाठी बेळगाव माहीत असण्याची गरज नाही. दुसऱ्या ओळीने त्या पुस्तकावरचे माझे प्रेम वाढवले. काही पुस्तकांच्या बाबतीत दुसरी ओळ कोरी राहिली. त्यांची नावे इथे लिहीत नाही, कारण त्यांतल्या दोघांच्या घरी माझे येणे-जाणे आहे.

उलट दिशेचा अनुभवही नोंदवण्यासारखा आहे. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात मराठी शिकवत होते, आणि १९६६ सालच्या ‘गणगोत’मधले ‘रावसाहेब’ हे इथलेच. लहानपणी ते ऐकताना अभिमान वाटे. नंतर पुण्याचे नातेवाईक जेवणाच्या पंगतीत रावसाहेबांच्या चालीवर आमचेच बोलणे करून दाखवू लागले, आणि मला त्या लेखाचाच राग आला. दहा-बारा वर्षे मी तो वाचला नाही. पुन्हा वाचला तो वहीसाठी. राग आला होता तो पंगतीचा होता. लेखात मित्र गमावलेल्या माणसाचे दुःख हसण्याच्या खाली सतत वाहते आहे, हे मला नक्कल ऐकताना कधी कळणारच नव्हते.

लेखकावरून मन उडाले तर

लेखकाची नोंद पुस्तकाच्या पानावर करू नये. त्याला वहीच्या शेवटी वेगळे पान द्यावे. एका गावच्या संमेलनात माझ्या अत्यंत आवडत्या लेखकाने तीन तास उशिरा येऊन, उन्हात बसलेल्या शाळकरी मुलांकडे न पाहता, स्वतःच्या पुरस्कारांविषयी भाषण केले. त्या संध्याकाळी त्यांची सगळी पुस्तके मला खोटी वाटू लागली. ही नोंद शेवटच्या पानावर गेली, तारखेसह. लेखकाची पुस्तके रद्दीत घालायची असतील तर एक वर्ष थांबावे आणि मधल्या काळात त्याचे सर्वांत चांगले पुस्तक वाचावे, सर्वांत वाईट नव्हे. रागात माणूस नेमके वाईट शोधतो. मी वर्षभराने वाचले. एक कादंबरी टिकली, दोन टिकल्या नाहीत, आणि न टिकण्याची कारणे भाषणाशी संबंधित नव्हती.

चरित्र कळल्यानेही मत हलते, कधी चांगल्या दिशेने. इंदिरा संतांच्या कविता मी प्रथम वाचल्या त्या पाठ्यपुस्तकात, फार हळव्या म्हणून बाजूला ठेवल्या. १९४६ साली पतीचा मृत्यू, त्यानंतर बेळगावातच शिक्षकी करीत काढलेले आयुष्य, हे कळल्यावर त्याच ओळी जड झाल्या. अशा वेळी उजव्या पानावर ‘चरित्र कळल्यानंतर’ असे स्पष्ट लिहावे आणि कविता एकदा ते विसरण्याचा प्रयत्न करून वाचावी. पुरते विसरता येत नाही, पण कोणती ओळ स्वतःच्या बळावर उभी आहे याचा अंदाज येतो.

चार जण मिळून वाचत असाल तर पहिली दहा मिनिटे सर्वांनी न बोलता लिहावे, आणि ज्याचे मत बदलले आहे त्याला आधी बोलू द्यावे. त्याला ‘का’ असे विचारण्याऐवजी ‘कोणत्या पानावर’ असे विचारावे. वाद पानापाशी आला की आवाज आपोआप खाली येतो.

राहिली वहीची काळजी. बॉलपेनने लिहावे, जेलची शाई आपल्याकडच्या पावसात फुटते. वही भिंतीला टेकवून ठेवू नये, आषाढात भिंतीला ओल येते आणि मागच्या पुठ्ठ्याला बुरशी धरते. कपाटात कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा. स्वतःच्या पुस्तकाच्या आतील पुठ्ठ्यावर वहीचा क्रमांक आणि पान पेन्सिलीने लिहावे, वाचनालयाच्या पुस्तकाचा दाखल क्रमांक वहीत लिहावा. सुरुवात करायची असेल तर विशीच्या आत जिवापाड आवडलेले, आणि प्रत अजून घरात असलेले, एक पुस्तक काढावे; त्याचे डावे पान आता कधीच भरता येणार नाही, ते तसेच कोरे सोडून उजव्या पानापासून लिहायला घ्यावे.